टाकीच्या आतला रंग

हिरीबाई वाशिमला सुकेशनी खिल्लारेच्या दारात आली ती तणतणतच. सुकेशनी खासगी तपासनीस होती.

"मानोऱ्याच्या शेडात टाकी फुटली, अन् नाव माह्यं! सांजेले पोलीस नेतीन मले. काल दसऱ्याची पूजा केली, हाच गुन्हा! टाकीले हळद-कुकू लावलं, तेबी बाहेरून."

तांड्यावरची, शेडात झाडलोट करणारी बाई सापडली की पुरावा हवाय कोणाला, सुकेशनीला वाटलं.

हिरीबाईला घेऊन ती मानोऱ्याला पोचली. शेडची मागची भिंत कोसळली होती. छोट्या उपग्रहांची इंजिनं बनवणाऱ्या योगिनीचे दोन्ही हात पट्ट्यांत होते.

"टाकीतलं पेरॉक्साइड चांदीच्या जाळीवर पडलं की वाफ होते, तिच्या जोरानं उपग्रह सरकते," ती म्हणाली. "पण शिसं, गंज, असलं काही टाकीत गेलं तं तिथंच उकळते अन् टाकी फुटते. आज चाचणी होती. हिरीबाईचं नाव मीच सांगतलं."

पूजेच्या ताटात हळद, कुंकू, झेंडू एवढंच होतं. सुकेशनीनं टाकीच्या तुकड्याच्या आतून रुमाल फिरवला. तो केशरी झाला.

"कुकूच," तिचा सोबती हरीओम म्हणाला. "भोळी बाई, आत टाकलं असन."

"अडाणी बाईले आत कायले येऊ देता?" योगिनीचा भागीदार भागवत तडकला. "मी दाबलेल्या वायूचं इंजिन बनवलं, ते असं फुटलं नसतं."

"निंबाखालची मोटरसायकल कोणाची?" सुकेशनीनं विचारलं.

"भागवतची," योगिनी म्हणाली. "रोज तं या भिंतीलेच लावते."

सुकेशनीनं रुमाल भागवतपुढे धरला. तिचा आवाज चढला होता.

"हरीओम, यंत्राले शेंदूर कोण लावते?"

"कोणीच नाई. शेंदूर मारुतीले."

"कुकू लाल असते; हा केशरी, शेंदूरच आहे. ताटात नव्हता. शेंदरात शिसं असते, हे हिरीबाईले कुठून माहीत? ज्याले माहीत त्यानं टाकला. रंग पाहून लोक पूजाच म्हणतीन, हा त्याचा हिशोब. यंत्राले काय लावतात तेवढं मात्र त्यानं कधी पाहिलंच नाई! अन् भागवत, भिंत पडायच्या आधी गाडी तेवढी हलवली तुमी. योगिनीले नाई हलवलं!"

"चाचणी झाली असती तं माह्यं इंजिन भंगारात गेलं असतं!" भागवत ओरडला. मग त्याला आपण काय बोललो ते कळलं. हरीओमनं त्याची कॉलर धरली.

योगिनीची मान खाली गेली. "मावशी, चुकलं. उद्यापासून कामाले या."

"त्यानं तुमची टाकी फोडली, ताई," हिरीबाई म्हणाली. "मले चोरावानी उभं तुमी केलं. एकदा विचारलं असतं तं तोंड झिजलं असतं काय?"

तिनं पदर खोचला आणि तांड्याची वाट धरली.