हरवलेले नऊ व्होल्ट

चाकाखाली लिंबू ठेवून वीस मिनिटं झाली होती, आणि लिंबू अजून शाबूत होतं.

दसऱ्याच्या सकाळी गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवायचं, गाडी पुढे घ्यायची, लिंबू फुटलं की निघायचं, ही आंबेघोळची रीत. गावातल्या गाड्या विजेवर चालायला लागल्या, आजारी माणसाला उचलून नेणारी विमानं आली, तरी लिंबाला कुणी रजा दिली नव्हती. पण लिंबू फुटायला आधी गाडी हलावी लागते. ऊर्मीच्या आईने आठव्यांदा किल्ली फिरवली. बोनेटखालून टिक-टिक-टिक असा आवाज आला आणि विरला.

"हिला आजच रुसायचं होतं!" आई म्हणाली आणि पुन्हा फोनकडे वळली.

ऊर्मीने ओसरीवरच्या खुर्चीकडे पाहिलं. आजोबांचे पाय इतके सुजले होते की चपलांचे पट्टे लागत नव्हते. त्यांची मूत्रपिंडं थकली होती, म्हणून आठवड्यातून दोनदा त्यांना डायलिसिसला (यंत्रातून रक्त गाळून स्वच्छ करून घ्यायला) तालुक्याला जावं लागे. यंत्राची त्यांची वेळ अकराची. घाटातून तासाभराचा रस्ता. आता साडेनऊ झाले होते, आणि एक वाक्य बोलायला आजोबांना दोनदा श्वास घ्यावा लागत होता.

"विमान धुकं निवळल्याशिवाय उडणार नाही म्हणतात," आईने फोन ठेवला. "गावातल्या गाड्या पहाटेच बाहेर गेल्यात, खालून गाडी यायला दीड तास. आजची वेळ चुकली तर थेट परवा!"

परवा. ऊर्मीने पुन्हा आजोबांच्या पायांकडे पाहिलं.

ही जीप म्हणजे आजोबांचं लाडकं लेकरू. ते बॅटऱ्यांचे शास्त्रज्ञ. निवृत्त झाल्यावर त्यांनी एका म्हाताऱ्या डिझेल जीपचं इंजिन काढून तिथे विजेची मोटर बसवली होती. तिच्या पोटात दोन बॅटऱ्या होत्या. सीटखालची मोठी गाडी ओढायची. बोनेटखालची छोटी दिवे लावायची आणि किल्ली फिरवली की मोठ्या बॅटरीचा जाडजूड स्विच ओढून धरायची. छोटीने धरलं नाही, तर मोठी कितीही भरलेली असो, उपयोग शून्य.

"चौकश्या, पुन्हा बघ ना रे!" ऊर्मी म्हणाली.

चौकश्या हा ग्रामपंचायतीचा दुरुस्ती-रोबो. पोस्टाच्या पेटीएवढा, आणि बोलायला सरकारी पत्रासारखा. त्याने आपल्या मीटरच्या दोन सुया छोट्या बॅटरीच्या दोन टोकांना लावल्या. "साडेबारा व्होल्ट. बॅटरी निरोगी आहे. अभिनंदन."

"हे तिसरं अभिनंदन! गाडी कुठे चालू होतेय?"

"माझ्या यादीनुसार गाडी चालू व्हायला हवी."

"मग बस तुझ्या यादीवर आणि जा तालुक्याला!"

आजोबा हसले आणि हसता हसता खोकले. आईने धावत येऊन त्यांची पाठ चोळली.

"ऊर्मी," ते हळूहळू म्हणाले, "चौकश्या खोटं बोलत नाही. पण तो... गाडी आरामात असताना मोजतोय. आपल्या नळावर चिमणी येते ना? एक थेंब पिते. तिला नळ उत्तमच वाटतो. चोंदलाय हे कधी कळतं?"

"म्हैस आली की!"

"मीटर म्हणजे चिमणी. तो वीज जवळजवळ पीतच नाही. आपण म्हैस आणू. पण आधी तो नारिंगी प्लग उपट, म्हणजे मोठ्या बॅटरीची वीज तुटेल. तिच्याशी मस्करी नको."

ऊर्मीने प्लग उपटला. मग हेडलाइट लावला. ही म्हैस. आणि म्हैस उपाशीच निघाली! दिवा विझत आलेल्या निखाऱ्यासारखा मिणमिणत होता.

"आता मोज. दिवा चालूच ठेव."

चौकश्याने मोजलं. बॅटरीवर बारा व्होल्ट होते. दिव्यापर्यंत मात्र पोचत होते तीनच.

"बारातून तीन गेले," ऊर्मी म्हणाली. "नऊ कुठे हरवले?"

"अशी नोंद माझ्या यादीत नाही," चौकश्या म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच थोडा बारीक झाला.

आजोबांनी डोळे मिटले होते. ऊर्मी घाबरून पुढे झाली, पण ते बोलले. "वीज बॅटरीच्या एका टोकातून निघते... आणि दुसऱ्या टोकाला परत येते. परतीची वाट नसेल तर ती निघतच नाही. जायला तार आहे. परत कशातून येते?"

ऊर्मीने हे कधीतरी ऐकलं होतं. "गाडीच्या लोखंडी अंगातून. आणि शेवटी अर्थिंगच्या वायरीतून." (अर्थिंगची वायर म्हणजे बॅटरीचं उणे टोक गाडीच्या सांगाड्याला जोडणारी जाड वायर.)

"वाट चांगली असेल तर वाटेत व्होल्ट सांडत नाहीत. अरुंद असेल तर तिथेच सांडतात. मग दोन्ही वाटा तपासा."

जाणाऱ्या तारेवर चौकश्याने मोजलं. जवळजवळ शून्य. म्हणजे ती वाट चांगली. मग त्याने एक सुई बॅटरीच्या उणे टोकाला लावली आणि दुसरी सांगाड्यावरच्या एका उघड्या लोखंडी कडेला.

"नऊ व्होल्ट," तो म्हणाला, आणि या वेळी त्याने अभिनंदन केलं नाही.

ऊर्मी वाकली. अर्थिंगची वायर जिथे बोल्टने आवळली होती, तिथे सांगाड्यावर ताजा लालभडक रंग चमकत होता. तो रंग तिने लगेच ओळखला.

तीन दिवसांपूर्वी गाडी तालुक्याहून आली, तेव्हापासून तिला कुणी हात लावला नव्हता. हात लावला होता तो फक्त ऊर्मीने. खंडेनवमीला पूजेत जीप नवी दिसावी म्हणून फाटकाचा उरलेला लाल रंग तिने सांगाड्याला दिला होता. नीट काम करायचं म्हणून तो बोल्टसुद्धा सोडवला, खाली दोन हात मारले, वाळू दिला आणि पुन्हा आवळला.

"आजोबा... रंग मी दिला. बोल्टच्या खाली पण." तिचा ओठ थरथरला. "माझ्यामुळे तुम्ही..."

"रंग छान झालाय," आजोबा म्हणाले. "फक्त विजेला तो भिंतीसारखा. बोल्टच्या आट्यांमधून थोडी वाट राहिली असेल, तेवढ्यातून ती बिचारी परत येतेय. रड नंतर. पाना आण आधी."

पाना पाटावर होता, कालच्या पूजेतला, झेंडूच्या फुलांखाली, कुंकू लावलेला. खंडेनवमीला पूजलेल्या हत्यारांना दसऱ्याची पूजा उतरवेपर्यंत त्या घरात कुणी शिवत नसे.

"अगं, पूजा अजून हलवली नाही!" आईचा हात आपोआप पुढे आला.

"सुनंदा," आजोबा म्हणाले, "पान्याला विचार. तो फूल नाही, बोल्ट मागेल."

आईने क्षणभर पाटाकडे पाहिलं, मग आजोबांच्या पायांकडे. तिने स्वतः फुलं बाजूला केली आणि पाना ऊर्मीच्या हातात दिला.

घड्याळात नऊ बावन्न. बोल्ट हलेना. ऊर्मीचा हात दोनदा घसरला, बोटाची साल निघाली. तिसऱ्यांदा आईने तिच्या हातावर हात ठेवून जोर दिला आणि बोल्ट करकरत सुटला. ऊर्मीने पॉलिश पेपरने रंग खरवडला. लाल पावडर उडाली, खालून चांदीसारखं लोखंड दिसू लागलं. वायरीचं टोकही घासलं. बोल्ट आवळला.

"म्हैस आण," आजोबा म्हणाले.

तिने हेडलाइट लावला. समोरच्या भिंतीवर असा लख्ख उजेड पडला की तिथली कोंबडी ओरडत पळाली!

"हरवलेले व्होल्ट: शून्य पूर्णांक एक," चौकश्या म्हणाला. "मला यादीत एक ओळ वाढवायची आहे. जिल्ह्यातल्या सगळ्या रोबोंना पाठवीन. 'आराम करताना मोजू नये, काम करताना मोजावं.' खाली कोणाचं नाव घालू?"

"आजोबांचं."

"दोघांचं घाल," आजोबा म्हणाले.

नारिंगी प्लग परत बसला. आजोबांना दोघींनी धरून मागच्या सीटवर बसवलं. आईने किल्ली फिरवली. टिक-टिक नाही, एकच भारदस्त खट्! जीप पुढे सरकली आणि चाकाखाली लिंबू फच्चकन फुटलं. दहाला तीन मिनिटं कमी होती.

घाटभर ऊर्मी आजोबांचे श्वास मोजत राहिली. खाली धुकं विरळ होत गेलं, रुग्णालयाचं छप्पर दिसू लागलं, तेव्हा कुठे तिने मोजणं थांबवलं.

"माणसाचंही तसंच," आजोबा डोळे मिटूनच म्हणाले. "खुर्चीत बसवून विचारलं तर मी ठणठणीत. जिना चढायला लावला की डॉक्टरांना खरं कळतं."

ऊर्मी त्यांच्या हाताला बिलगली.

"पुढच्या दसऱ्याला," त्यांनी विचारलं, "कुठला रंग देणार आहेस?"

"पिवळा," ऊर्मी म्हणाली. "बोल्टची जागा सोडून."