पाठीतला श्वास

रविवारची दुपार होती आणि काम अगदी साधं होतं. उंदरांना औषध पाजायचं, पाणी बदलायचं, घरी यायचं. एरवी हे नवरा करायचा. पण सासूबाईंना सकाळपासून धाप लागत होती, तेव्हा तो आईजवळ थांबला आणि नवी सून लॅबमध्ये आली.

दोघांचं जमलं होतं तेच मुळी या खोलीत. तो उंदरांवर शस्त्रक्रिया करायचा आणि ती त्यांच्यातून काढलेल्या नळ्यांच्या पातळ चकत्या कापून काचेवर लावायची. "आमचं लग्न उंदरांनी जमवलं," असं तो सगळ्यांना सांगे. ते लग्नाला आले नाहीत, एवढंच.

नळ्या म्हणजे श्वासनळ्या. एका जातीच्या उंदराची काढायची आणि दुसऱ्या जातीच्या उंदराच्या पाठीत, कातडीखाली बसवायची. तिथे ती जगते. रक्त मिळतं, हवा मात्र कधीच मिळत नाही. मग अंगाला हळूहळू कळतं, हे आपलं नव्हे, आणि नळी आतून भरत जाते, जुन्या पाइपात क्षार साचावेत तशी. सासूबाईंच्या छातीत कुणा परक्याचं फुप्फुस होतं. त्यातल्या बारीक नळ्यांचंही आता तेच चाललं होतं. माणसाची छाती रोज उघडून बघता येत नाही, म्हणून उंदीर.

खोलीत भुशाचा आणि स्पिरिटचा वास होता. हवा खेळवणारं यंत्र भिंतीत घरघरत होतं. एकेक उंदीर तळहातावर घ्यायचा, तोंडात औषधाचा थेंब सोडायचा, पाठीवरचा बारीक उंचवटा बोटाने चाचपून टाका नीट आहे ना ते बघायचं, की झालं. तिचे बहुतेक उंदीर उरकले होते. तेवढ्यात घरघर थांबली.

दिवे चालू होते. फक्त ते यंत्र गप्प झालं, आणि इतके दिवस त्याच्याखाली दबलेली शांतता वर आली. त्या शांततेत कुणीतरी श्वास घेत होतं.

तिने मागे वळून पाहिलं. कुणी नव्हतं. मग तिने हातातला उंदीर कानाशी नेला.

घाबरायच्या आधी नवल वाटायचं, हा तिचा स्वभावच. टाका सुटून आत हवा शिरली असेल, असं तिला वाटलं. पण उंदराचा श्वास म्हणजे नुसती थरथर. तो त्याच्या नाकाशी चालूच होता. पाठीतून येणारा श्वास वेगळा होता. सावकाश, माणसाच्या चालीचा. आत... बाहेर... आणि शेवटी एक बारीक शीळ. ती शीळ तिच्या ओळखीची होती. घरी शेजारच्या खोलीतून ती रोज रात्री ऐकू यायची.

तिने उंदीर ओट्यावर ठेवून हातमोजा काढला. मोज्यातून नीट कळत नव्हतं. उंचवट्यावर बोट ठेवलं, आणि खरंखोटं करायला ते हलकेच दाबलं.

श्वास थांबला.

खिशातला फोन वाजला. तिने तो दुसऱ्या हाताने काढून ओट्यावर ठेवला आणि स्पीकर लावला.

"अगं... आईला बघ ना काय होतंय! श्वासच घेता येत नाहीये तिला... ओठ निळे पडलेत... आई, ए आई..."

तिचं बोट अजून तिथेच होतं. तिने ते झटकन उचललं.

"थांब... थांब हं." पलीकडे खुर्ची सरकली. "आला. आला श्वास. बाप रे! ऐकतेस ना?"

"ऐकतेय," ती म्हणाली. दोन्हीकडून ऐकत होती.

एकदा घडलं तर तो योगायोग. पुन्हा करून बघितल्याशिवाय काही ठरत नाही, हे तिला नोकरीच्या पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. तिचं बोट पुढे गेलंसुद्धा. मग तिने ती मूठ घट्ट आवळून खिशात कोंबली. यंत्र पुन्हा घरघरू लागेपर्यंत ती तशीच उभी होती.

घरी सासूबाई उशांना टेकून बसल्या होत्या. रंग परतला होता. नवरा पाणी तापवत होता.

"त्या वरच्या पिंजऱ्यातला, कानाला खाच असलेला," ती हळूच म्हणाली, "त्याला उद्या मारू नकोस."

"उद्या सगळेच मारायचेत. नळ्या काढून, बुजल्यात का ते बघायला नको? औषध लागू पडलं, तर आईसाठीच आहे ना हे!"

"तो एक राहू दे. त्याची नळी चालू आहे."

"न कापता कळलं तुला?" तो हसला. "लग्नाआधी बरी होतीस. आता उंदरांवर जीव जडायला लागला."

"राहू दे ना रे," सासूबाई म्हणाल्या. "एवढं मागतेय ती."

"बरं बाई. तो सोडून बाकीचे." तो फोन घेऊन गॅलरीत गेला, सहकाऱ्याला तसं सांगायला.

सासूबाईंनी डोळे मिटले. त्यांनी सुनेचा हात चाचपून धरला, उलटा केला आणि तिच्या पहिल्या बोटाचं टोक चोळत राहिल्या.

"का दाबलंस, ते नाही विचारत गं," त्या पुटपुटल्या. "पण पुढच्या वेळी बोटाला जरा ऊब आणून लाव. बर्फ होतं नुसतं..."

गॅलरीतून नवऱ्याचा आवाज येत होता. हो, एक सोडून सगळे, सकाळी पहिलं तेच काम.

सगळे. बाकीच्यांना तिने कान लावलाच नव्हता. त्यांच्यात कुणाकुणाचा श्वास चालला होता, कोण जाणे.

वरच्या मजल्यावर कुणीतरी खोकत होतं. रोजच खोकायचं, आणि रोज तिला त्याचा वैताग यायचा. आज मात्र सासूबाईंचा हात हातात घेऊन ती छताकडे बघत बसली, आणि खोकला जरा थांबला की तो पुन्हा यायची वाट बघत होती.