शेवटच्या फोटोतलं घुबड

"सकाळी काय खाल्लंत?"

काचेपलीकडे बसलेल्या एका अनोळखी माणसानं माझ्या कानातल्या हेडफोनमध्ये विचारलेला हा पहिला प्रश्न. आता तुम्हीच सांगा, अशी कुठे प्रेमाची सुरुवात होते का?

खरं तर मी नुसता निरोप द्यायला आले होते. स्टुडिओत पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायचं काम माझ्या ताईचं. पण मी तोंड उघडायच्या आत या रेकॉर्डिस्टनं मला माइकसमोर बसवलं, कानांवर हेडफोन चढवले आणि स्वतः काचेमागे जाऊन बसला.

"काही नाही खाल्लं! ताईचा घसा बसलाय, ती येणार नाही, एवढं सांगायला धावत आले, आणि तुम्ही—"

"थांबू नका," तो समोरच्या बटणांवर वाकून म्हणाला. "आवाज तपासतोय. छान येतोय."

मग त्यानं वर बघितलं. गोल चष्मा, कानांवर एवढाले हेडफोन... हुबेहूब घुबड! मी मनातल्या मनात नाव ठेवूनही टाकलं. सकाळी बालवाडीतल्या पोरांना गोष्टी वाचून दाखवणारी मी, त्या दिवसापासून ताईच्या जागी, संध्याकाळी घुबडाला भुताची गोष्ट वाचून दाखवू लागले.

कादंबरी होती कुमारवयाच्या मुलांसाठी, पण भलतीच भीतीदायक. एक मुलगी ओसाड वसतिगृहात राहायला येते आणि तिथल्या जुन्या मुली तिला एकेक करून भेटत जातात. दर प्रकरणात एक जुनाट, तपकिरी फोटो. भंगारवाल्यांकडून जमवलेले, नावगाव हरवलेल्या खऱ्याखुऱ्या माणसांचे. आता ऐकणाऱ्याला फोटो दिसणार कसे? म्हणून प्रत्येक फोटोचं मी वर्णन करायचं ठरलं.

"मला मात्र दाखवू नका," त्यानं बजावलं. "मला कानांनी दिसला, तरच बाकीच्यांना दिसेल."

"घाबरता म्हणून सांगा की सरळ."

"...तेही आहे."

मी वाचू लागले. "जिन्यात दोन बहिणी. एकसारखे झगे. धाकटीनं थोरलीची बाही घट्ट धरलीये. भिंतीवर सावल्या मात्र... तीन."

काचेमागे घुबडानं हळूच पाय खुर्चीवर घेतले. मला इतकं हसू फुटलं की रिटेक घ्यावा लागला.

रिटेक तर सारखेच. घड्याळ टिकटिकतंय, काढून ठेवा. ओढणी सळसळली. गाडीचा हॉर्न आला. "तुमच्या पोटात कावळे ओरडतायत, तेही रेकॉर्ड होतायत." असा काटेकोर माणूस! लाल दिवा चालू असताना आमच्या मधलं दार उघडणं म्हणजे त्याच्या लेखी महापाप. ते दार करकरायचंही असं, की पुस्तकातल्या भुतांनी दचकावं.

आणि मी? घरातून निघताना दोनदोनदा केस विंचरायला लागले होते. "त्या भुताच्या पुस्तकानं झपाटलंय हिला," आई म्हणायची. पुस्तकानं नव्हे गं आई...

एका संध्याकाळी वर्गाचा फोटो आला. "सगळ्या मुली ताठ बसल्यात, श्वास रोखून. एकीचाच चेहरा पुसट आहे."

"हलली असेल," तो म्हणाला. "तेव्हा फोटो काढताना बराच वेळ स्तब्ध बसावं लागायचं. हललं की बिघडला."

"बिचारी. कुणाकडे तरी बघायचं असेल तिला."

 तो नुसता माझ्याकडे बघत राहिला... शेवटी मीच मान खाली घालून पान उलटलं.

शेवटच्या प्रकरणाच्या आदल्या दिवशी ताई जेवताना सहज म्हणाली, "तुझा रेकॉर्डिस्ट चाललाय की! दुसऱ्या शहरात, मोठ्या स्टुडिओत. परवा निघतोय."

माझा घास हातातच राहिला. मला काही बोलला नाही! पण का बोलावं त्यानं? मी कोण? ताईच्या जागी आलेली. रडू तर येतच होतं, पण राग त्याहून जास्त आला होता.

दुसऱ्या दिवशी मी एकही चूक न करता वाचत गेले. तरी दर पानाला, "पुन्हा एकदा."

"का? काय चुकलं?"

"...गाडीचा हॉर्न आला."

त्या खोलीत मी बोंब मारली असती तरी बाहेर कळलं नसतं, मग आत हॉर्न कुठून येणार?

शेवटचा फोटो व्हरांड्यातल्या रिकाम्या खुर्चीचा होता. मी पुस्तक मिटलं आणि काचेतून समोर बघितलं.

"एक माणूस बसलाय," मी म्हणाले. "गोल चष्मा, कानांवर एवढाले हेडफोन. घुबडासारखा दिसतो. शर्टाचं बटण चुकीच्या काजात लावलंय. सगळ्यांचं ऐकतो, स्वतःचं काही सांगत नाही. उद्या जातोय, तेही नाही. आणि फोटोच्या बाहेर एक मुलगी आहे. तिला तो आवडतो... फार आवडतो. त्याला थांबवायचा तिला हक्क नाही. पण न सांगता त्याला जाऊ देणंही तिला जमत नाहीये."

घुबडानं चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

"आता... शांतता घेऊ," तो हेडफोनमध्ये म्हणाला.

पुस्तक संपलं की रिकाम्या खोलीची मिनिटभर शांतता रेकॉर्ड करतात, नंतर वाक्यांच्या मध्ये भरायला. हलायचं नाही, बोलायचं नाही.

झालं, हेच उत्तर! मी दगडासारखी बसून राहिले. डोळे भरून आले, पण नाक ओढायचीही सोय नव्हती. तेही रेकॉर्ड झालं असतं. त्या वर्गातल्या मुलींसारखा मी श्वास रोखून धरला.

आणि दार करकरलं.

लाल दिवा चालूच होता. दारात घुबड उभं होतं, हेडफोन गळ्यात, वायर मागे लोंबकळत.

"अहो, शांतता..."

"बिघडू दे. काचेमागून, बटण दाबून सांगायचं नव्हतं मला." तो एक पाऊल आत आला. "हॉर्न कधीच आला नव्हता. आजही नाही, आधीही नाही. मला तुला पुन्हा ऐकायचं असायचं. जाण्याचं रोज सांगायला जायचो, आणि रोज... पुन्हा एकदा म्हणायचो."

'तू' म्हणाला मला! मी ओढणीनं नाक पुसलं, चांगलं जोरात.

"मग उद्या?"

"जावं लागेल. शब्द दिलाय त्यांना. सुट्टीच्या दिवशी येत जाईन... चालेल?"

"आणि मधल्या दिवसांचं काय करू मी?"

"फोनवर सांगत जा मला. दिवसभरात जे दिसेल ते सगळं."

"सुरुवात कुठून करू?"

तो खाली, माझ्या खुर्चीपाशी बसला. चष्म्याआडचे त्याचे डोळेही भरले होते.

"सकाळी काय खाल्लंस?"

"काही नाही," मी म्हणाले आणि रडता रडताच हसायला लागले.