राखणबुरशीचा पहिला हात

यंदा गाविलगड चीड-बीज केंद्रात पाइनच्या चाळीस हजार रोपांपैकी फक्त अकरा रोपं मर रोगानं दगावली. जगात असं कुठंच घडलं नव्हतं. तर हे वाक्य वाचकांनी विसरून जावं. केंद्राच्या दफ्तरी असं काही घडलेलं नाही, आणि दफ्तरात नाही ते आपण तरी कशाला मानायचं?

साल २०६३. डॉ. निरंजन देवपुजारी बीजकक्षात उभे राहून काचेपलीकडे डॉ. शर्वरी ठोंबरे यांचे ट्रे बघत होते. मागच्या हंगामात दोघांनी एकाच पोत्यातलं बी पेरलं होतं. शंभरात ठोंबरेंची साठ रोपं जगली, देवपुजारींची नऊ. का, ते कुणालाच कळलं नाही, म्हणून केंद्राची मानाची शाल ठोंबरेंना मिळाली. देवपुजारींना शालीचं काही नव्हतं. ती जांभळी होती आणि तिला बावीस गोंडे होते, एवढंच त्यांच्या लक्षात राहिलं होतं.

"नवी बुरशी केलीत म्हणे, सर," ठोंबरे चहाचा कप घेऊन आत आल्या. "सांगण्यासारखी आहे, की गुपित?"

"गुपित कसलं," देवपुजारी म्हणाले. या प्रश्नाची ते चौदा महिने वाट बघत होते. "चिडाचं बी रुजलं की मातीतली बुरशी बुडाशी शिरते. दोन दिवसांत देठ मऊ पडतो, रोप आडवं. आपण औषध मारतो, ती औषध पचवायला शिकते. म्हणून मी जनुक-शिवण करून राखणबुरशी तयार केली. बियाच्या सालीवर ती झोपून असते. पाण्यात पडली की जागी होते, आणि पहिल्या तासात जो उघडा हात लागेल, तो घरचा मानते."

"हात ओळखते कसा?"

"प्रत्येकाच्या कातडीवर सूक्ष्मजीवांचा आपापला गोतावळा असतो. त्याची ती हस्तखूण घेते. पुढं दुसरा हात लागला, की तो परका. मग सगळी बुरशी त्याच्यावर धावून जाते."

"सगळी?" ठोंबरेंनी कप खाली ठेवला. "म्हणजे मुळाशी राखणीला कुणीच नाही. परका हात लागला की मर रोगाला दार सताड उघडं."

"परक्यानं हात लावू नये."

"पण बुरशीला ओळखपाळख शिकवलीतच कशाला? नुसती राखण पुरे होती की."

याचं खरं उत्तर बावीस गोंडे असं होतं, म्हणून देवपुजारींनी चहा निवतोय असं सांगितलं.

पेरणीआधी त्यांनी टाकीतलं बी तासभर स्वतः ढवळलं. महिन्याभरात चाळीस हजार रोपं उभी राहिली, एकही आडवं नाही. मग त्यांनी ठोंबरेंना बोलावून म्हटलं, "लावा हात."

"मरतील ना, सर."

"शास्त्रासाठी."

ठोंबरेंनी नाइलाजानं दोन रोपांना बोट लावलं. तिसऱ्या दिवशी दोन्ही आडवी. देवपुजारी त्या दिवशी दोनदा जेवले. मग, फरक दिसावा म्हणून, त्यांनी स्वतः नऊ रोपांवरून उघडा हात फिरवला, बारशाच्या बाळावरून फिरवावा तसा.

तिसऱ्या दिवशी नऊही आडवी.

त्या वेळी फुलवंतीबाई कासदेकर वाफ्यातलं गवत उपटत होत्या. तीस वर्षं त्या रोपवाटिकेत होत्या. एक वाकडं रोप त्यांनी दोन बोटांनी सरळ केलं. ते सरळ राहिलं.

"बाई, तुम्ही रोपांना हात लावता?" देवपुजारींनी विचारलं.

"लावतेच ना साहेब, रोज. वाकडं असलं तं सरळ करा लागते."

"आणि बी भिजवलं त्या दिवशी?"

"तुमी रबरी मोजे घालून ढवळत होते. मी पोचट बी वर येते ते काढत होती. उघड्या हातानं. मोजे तं आमाले भेटतच नाहीत."

भेटत नव्हतेच. हातमोजे फक्त शास्त्रज्ञांना द्यावेत, हे परिपत्रक देवपुजारींचंच होतं. आणि दुसरा कुणी चपला घालतो तसे ते एकोणीस वर्षं मोजे घालत होते. त्या दिवशीही घातले.

ठोंबरे हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. "बुरशी मुळांबरोबर वाढणार," त्या म्हणाल्या. "म्हणजे झाड जगेल तोवर ओळख तीच. चीड शंभर वर्षं सहज काढतो."

"मी चार वर्षांत रिटायर होते," फुलवंतीबाई म्हणाल्या. "लेकीकडं जाईन परतवाड्याले. पाहा बा तुमचं तुमी."

अहवालात 'रोपे हाताळणाऱ्याचे नाव' असा रकाना होता. तो भरावा लागू नये म्हणून देवपुजारींनी अहवालच पाठवला नाही. शालीची आठवण त्यांना आता येत नव्हती. आता ते काचेतून फुलवंतीबाईंच्या दोन बोटांकडे बघत. आठवड्याभरानं त्यांनी एक अर्ज मात्र रीतसर आवक-जावक क्रमांक घालून पाठवला:

"मा. संचालक यांसी, सविनय सादर. खाली सही करणारा इसम हा परका नसून उत्पादक आहे, असे चाळीस हजारांपैकी किमान एका रोपास लेखी कळविण्यात यावे, व सदर रोपाने त्यास ओळखावे असा आदेश आपल्या स्तरावरून निर्गमित व्हावा, ही विनंती. रोपाची पोच सोबत जोडावी."