न मेलेल्याची कबर

"मावशी, पोलीस निघालेत. ते अब्बांना न्यायच्या आत चला."

दारातल्या मुलीला धाप लागली होती. आत्याबाईंनी चहा तसाच टाकून चपला घातल्या. खाजगी तपासाची पाटी त्यांच्या दारावर होती आणि असल्या हाकेची त्या वाटच बघत असायच्या. दातांचा डॉक्टर असलेला त्यांचा भाचा सुट्टी म्हणून निवांत बसला होता. तो तोंडातल्या बिस्किटासकट मागे धावला.

मुलीने वाटेतच सगळं सांगितलं. तिचे अब्बा सुतार. चर्चमधल्या जुन्या क्रूसाला कीड लागली म्हणून फादरनी त्यांना बोलावलं होतं. क्रूसावरचा येशूचा लाकडी पुतळा उतरवून मागच्या खोलीत ठेवला होता. त्याच्या पाठीतली किडीची भोकं अब्बा आठवडाभर मेणाने बुजवत होते. आज सकाळी खोली रिकामी निघाली. पुतळा सापडला बागेत, पुरलेला, आणि शेजारी अब्बांची लाकूड तासायची पटाशी. फादरनी अब्बांना कोंडून ठेवून पोलिसांना बोलावलं होतं.

"सगळे म्हणतात, मुसलमान आहे, त्याला क्रूस बघवला नाही." ती चालता चालता म्हणाली. "आता अब्बांना कोण दारात उभं करणार?"

बागेत पुतळा खड्ड्याच्या काठावर ठेवला होता. पांढऱ्या कापडात गुंडाळून, उजव्या कुशीवर निजवून पुरला होता म्हणे. ओल्या मातीने चेहऱ्याचा रंग पार उडाला होता.

"थेट मुसलमानी दफन," भाचा कुजबुजला. त्याने रुमालाने पुतळ्याची पाठ पुसली. "पण काम बघ, आत्या. भोक कुठे होतं ते कळतसुद्धा नाही. असं दात बुजवणं मला जमलं असतं तर बंगला बांधला असता."

आत्याबाईंनी केसातली पिन काढली आणि पाठीवर इथे तिथे टोचून पाहिली. पिन कुठेच शिरली नाही. त्यांचे डोळे चमकले. त्यांची चाल दुप्पट झाली.

खोलीची किल्ली सुताराखेरीज तिघांकडे होती. तिघांना त्यांनी एकच विचारलं, सुताराने असं का केलं असेल?

"मला काय ठाऊक?" राखणदार म्हणाला. "आपला येशू त्यांच्यातही असतो, हेच मला आज कळलं."

फादर खुर्चीत खचून बसले होते. "मला पटत नाही हो. मुसलमान येशूंना ईसा म्हणतात, मोठे पैगंबर मानतात. क्रूसावर ते मेलेच नाहीत, लोकांना तसं भासलं, देवाने त्यांना वर उचलून घेतलं, असं कुराणात आहे. आम्ही दोघं चहा पिताना यावर वाद घालायचो. पण पटाशी त्यांचीच निघाली. मी तरी काय करू?"

तिसरे चर्चचे विश्वस्त, जुन्या फर्निचरचे व्यापारी. त्यांचं लक्ष सारखं घड्याळाकडे. "सोपं आहे, बाई. त्यांच्या लेखी तो साधा माणूस. मेला, पुरला, संपलं. म्हणून क्रूसावर ठेवायचा नाही, आपल्या रीतीने माती द्यायची. आता मला सोडा, टेम्पो भरून उभा आहे."

तेवढ्यात पोलीस आले. आत्याबाईंनी इन्स्पेक्टरना बाहेरच्या टेम्पोजवळ शिपाई उभा करायला सांगितलं आणि सगळ्यांना मागच्या खोलीत बोलावलं. कोंडून ठेवलेल्या सुतारालाही आणलं. मुलीने अब्बांचा हात घट्ट धरला.

"ही कबर मुसलमानाने केली, असं आपल्याला वाटावं म्हणून ती केलीय," आत्याबाई म्हणाल्या. "पण मिस्त्री, तुम्ही ईसांना पुरलं असतं का?"

"तोबा. ते जिवंत आहेत," सुतार म्हणाला. "अल्लाहकडे आहेत. एक दिवस खाली येतील, तेव्हा त्यांनाही मरण येईल, तेव्हा कबर. आज कशी?"

"ऐकलंत? म्हणजे पुरणाऱ्याला त्यांचं दफन ठाऊक होतं, श्रद्धा ठाऊक नव्हती. फादरना श्रद्धा ठाऊक आहे, ते ही चूक करणार नाहीत. राखणदाराला काहीच ठाऊक नाही, त्याला हे सुचणारच नाही. 'मेला, पुरला, संपलं' अशी त्यांची श्रद्धा आहे असं समजणारा इथे एकच आहे."

विश्वस्त हसले. "बरं, मला पुतळा पुरून काय मिळणार?"

"तुम्ही नक्कल पुरलीत. मेण असतं तर माझी पिन लोण्यात शिरावी तशी शिरली असती. याच्या पाठीला भोकं नव्हतीच. नक्कल नुसती ठेवून दिली असती, तर आठवडाभर ती पाठ हाताळलेल्या मिस्त्रींनी एका नजरेत ओळखली असती. म्हणून चेहरा मातीत घालवला आणि मिस्त्रींना तुरुंगात घालायला निघालात. विकायला काढलेला अस्सल जुना पुतळा कुठे आहे, ते टेम्पो सांगेल."

भाच्याने कपाळावर हात मारला. ती गुळगुळीत पाठ त्यानेच पुसली होती.

टेम्पोत दोन कपाटांच्या मधे पुतळा निघाला, सतरंजीत गुंडाळलेला. सुताराने पाठीवरून बोट फिरवलं. मेण लागलं. इतका वेळ आवरलेला माणूस तिथेच हुंदके देऊ लागला. पोलीस विश्वस्तांना घेऊन गेले, तिकडे त्याने मान वळवूनही पाहिलं नाही.

फादर जवळ आले. "मिस्त्री, तुमच्यावर दार मी लावलं. सगळं ठाऊक असून लावलं. मला माफ करा."

"फादर, त्यांना मातीत कसा घालीन मी? आम्ही तर ते परत येतील म्हणून वाट बघतोय."

"आम्हीही," फादर म्हणाले.

सुताराने डोळे पुसले आणि इन्स्पेक्टरांपुढे हात केला. "साहेब, माझी पटाशी द्या. क्रूसाचं काम राहिलंय."