फोनचं तोंड कुणाकडं?

हे लिहावं की नाही, यावर माझंच माझ्याशी बरंच भांडण झालं. पण घरात हे कुणापाशी बोलायची सोय उरलेली नाही, म्हणून लिहिते. यातलं अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. ज्यांना थाप वाटेल त्यांनी खुशाल पुढं जावं.

भुताखेताच्या गोष्टी अमावास्येच्या रात्री घडतात म्हणे.

ही दिवसाउजेडी घडली. गेल्या थंडीत, दिवस मावळायच्या जरा आधी, निपाणी आणि चिकोडीच्या मधल्या एका गावात. गावाचं नाव लिहीत नाही.

राजश्री म्हणजे माझी थोरली जाऊ. आम्ही बेळगावात एकाच घरात राहतो. तिची आई, राजमतीबाई, गावाकडं एकटीच राहायची. आम्ही जैन. दिवस बुडाल्यावर आमच्याकडं जेवत नाहीत, आणि राजमतीबाई तर पाण्याचा घोटही घ्यायच्या नाहीत.

त्यांचा धाकटा सन्मती कोल्हापूरला कारखान्यात होता. रोज दिवस कलला की त्याचा फोन यायचा.

"आई, दिवस चाललाय. जेव."

तो फोन आला की बाई ताटावर बसायच्या. त्याआधी नाही.

पावसाळ्यात हायवेवर सन्मती गेला. मोटारसायकल ट्रकखाली आली.

फोन थांबला. बाईंचं वाट बघणं थांबलं नाही...

रोज ताट वाढायचं, साधा बटणाचा फोन शेजारी ठेवायचा आणि बसून राहायचं. दिवस बुडायचा. ताट तसंच उचललं जायचं. सकाळी चहावर भागवायच्या. आई डोळ्यांदेखत झिजायला लागली, तशी राजश्री हबकली. भाऊ गेला, आता आईही जाणार, या धास्तीनं तिची झोप उडाली. बेळगावला चल म्हणावं तर बाई घर सोडायला तयार नाहीत.

शेवटी तिनं खडेबाजारातून एक स्मार्टफोन घेतला आणि गाव गाठलं.

"कशाला गं हे? माझा बटणाचा हाय की."

"त्यात मी दिसत न्हाय, आई. ह्यात दिसणार. सन्मतीच्या वक्ताला मी फोन लावणार. मीच म्हणणार, जेव."

बाई शिकायला बसल्या.

तंबाखूच्या रानात जन्म गेलेली बोटं ती. घट्ट्यांपुढं काच हार खायची. बाई पदराला बोट पुसायच्या आणि भीत भीत टेकवायच्या.

"तापल्या तव्यावरची भाकरी हातानं उलटतीस, आणि ह्याला भितीस व्हय?" राजश्री म्हणाली.

बाई हसल्या. सन्मती गेल्यापासून पहिल्यांदाच हसल्या. राजश्रीला रडू आलं.

हिरवं बटण जमलं. लाल जमलं. पण व्हिडीओ कॉल लागला की बाई फोन कानाला लावायच्या. राजश्रीला दिसायचा नुसता कान आणि कुडी.

"आई, कान नको दावू! असं बघ. फोनचं तोंड ज्याच्याकडं, त्याच्यासंगं बोलणं. एवढंच ध्यानात ठेव."

"फोनचं तोंड ज्याच्याकडं..." बाई पुटपुटल्या. णमोकार मंत्र म्हणावा तशा पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या.

या एका वाक्यानं आमच्या घराचा घात केला.

राजश्री बेळगावला परतली. दुसऱ्या दिवशी दिवस कलला तसा तिनं कॉल लावला. बाईंनी उचलला. फोन तांब्याला टेकवून ठेवला. समोर वाढलेलं ताट दिसलं. भाकरी, मुगाची आमटी, ताक. बाई मात्र दिसेनात. आवाज फोनच्या मागून येत होता.

"आई, फोन उलटा ठेवलास. तुझं तोंड दिसंना."

"असू दे गं, राजू. म्हण की."

"जेव, आई. दिवस चाललाय."

तेवढ्यात चित्र अडकलं. गावाकडं रेंजची बोंबच. पडद्यावर भरलेलं ताट तसंच थिजून राहिलं.

आवाज मात्र येत होता...

भाकरी मोडल्याचा.

आमटी भुरकल्याचा.

राजश्रीचा जीव भांड्यात पडला. आई जेवतेय!

चित्र हललं तेव्हा ताट रिकामं होतं. ताटात वाटी पालथी घातलेली होती.

तिला जरा चमकल्यासारखं झालं. जेवण झालं की वाटी पालथी घालायची खोड सन्मतीची. त्यावरून त्यानं बाईंच्या किती शिव्या खाल्ल्या होत्या. आईला आठवण येत असेल, म्हणून करत असेल... असं म्हणून तिनं फोन ठेवला.

मग हे रोजचंच झालं. रोज ती म्हणायची, जेव. रोज ताट रिकामं व्हायचं.

घरात ती आम्हाला कौतुकानं सांगायची. मी एकदाच विचारलं, "आक्का, आई दिसतात का गं तुला फोनमध्ये?"

ती उठून आत निघून गेली.

त्याच आठवड्यात गावाहून शेजारच्या रूपालीचा फोन आला. "आक्का, लगोलग या. आई लई वाळल्यात. उठवत न्हाय त्यास्नी."

राजश्री पोचली तेव्हा उन्हं कलत आली होती. बाई स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसल्या होत्या. हाडांवर नुसतं कातडं. त्यांच्या पुढ्यात काहीच नव्हतं.

ताट समोर होतं. रिकाम्या पाटापुढं.

आणि तांब्याला टेकवलेला फोन... त्याचं तोंड पाटाकडं.

"आई, तू जेवत न्हवतीस? मग मी रोज म्हणत होते ते?"

बाई तिच्याकडं बघून हसल्या. "तूच शिकीवलंस की गं. फोनचं तोंड ज्याच्याकडं. मी त्याच्याकडं केलं. तू जेव म्हणतीस, तो जेवतो. उपाशी गेल्ता गं त्यो. त्या दिवशी डबा उघडला नव्हता."

राजश्रीनं हंबरडा फोडला. भाकरीचा घास केला, आईच्या ओठांशी नेला. "तू जेव! आई, माझं ऐक, तू जेव गं!"

ओठ उघडले नाहीत.

तिच्या पाठीमागं मात्र...

भाकरी मोडली.

ती वळली नाही. वळायचं धाडसच झालं नाही. तिनं तो घास तसाच धरून ठेवला. मागं वाटी पालथी पडल्याचा आवाज झाला, आणि खिडकीतलं ऊन गेलं.

निपाणीच्या दवाखान्यात सलाईन लावलं. उपयोग झाला नाही. तिसऱ्या दिवशी बाई गेल्या.

तो फोन राजश्रीनं स्वतःच्या हातानं बंद केला, कपाटात ठेवला आणि घराला कुलूप लावून आली. किल्ली आमच्या देवघरात आहे.

सुतक फिटलं त्या संध्याकाळी आम्ही दोघी भाजी निवडत होतो. राजश्रीचा फोन वाजला. व्हिडीओ कॉल.

पडद्यावर लिहिलं होतं, आई.

मी हात धरला. तिनं झटकला आणि हिरवं बटण दाबलं.

पडद्यावर आधी एक कान दिसला... त्यात कुडी. मग फोन हळूहळू वळला. तांब्याला टेकला. दोन पाट, दोन रिकामी ताटं. मध्ये तिसरा पाट.

"राजू, दिवस चाललाय."

तेवढंच.

तेव्हापासून राजश्री दिवस कलला की ताट वाढून घेते आणि फोन समोर ठेवते. ताटाला तिचा हात लागलेला मी पाहिलेला नाही. पण मी मोरीवर भांडी घासायला बसते तेव्हा ते ताट रिकामं असतं. वाटी पालथी असते.

डॉक्टर झाले, महाराजांचं दर्शन झालं, भाऊजींनी फोनही फोडून बघितला. नवा आणला, त्यावरही कॉल येतो. आक्काची गळ्याची हाडं आता लांबून दिसतात. घरातलं कुणी त्या वेळी तिच्यापाशी थांबत नाही. मी थांबते.

काल तिनं माझा हात धरला. हात बर्फासारखा गार होता.

"आजपासून तू म्हण गं मला, जेव म्हणून. तू म्हणालीस तर मी जेवीन बघ."

म्हणावंसं फार वाटतंय. माझी बहिणीसारखी जाऊ उपाशी मरतेय माझ्यासमोर. पण मी म्हटलं की जेवणार कोण, ते मला माहीत आहे.

आत्ता हे लिहितेय तेव्हा उन्हं ओट्यावरून खाली उतरलीत. आक्कानं ताट वाढलंय. फोन तांब्याला टेकवलाय.

ती माझ्या तोंडाकडं बघत बसलीय.