मुद्दाम टाळलेली दुरुस्ती

"लॅपटॉपची स्क्रीन काळी झालीय," ती दारातूनच म्हणाली. "कालपर्यंत चांगला होता हो..."

दुरुस्तीवाल्याने मान वर केली आणि तो बघतच राहिला. केसांत खोचलेली पेन्सिल, बोटांना रंग, बॅगेवर कार्टूनची चित्रं — ही अ‍ॅनिमेशन करणारी असणार, हे त्याने ताडलं. लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स ही सिस्टिम होती, आणि तिला सुरू करून देणारे बूटलोडर झाले होते दोन, एक जुना नि एक नवा. तिने ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे स्क्रीन चालवणारा प्रोग्रॅम, टाकला, त्याची सेटिंग गेली जुन्याच्या फाइलमध्ये. लॅपटॉप मात्र सुरू व्हायचा नव्यावरून. मग स्क्रीन काळी होईल नाही तर काय! दहा मिनिटांचं काम होतं.

पण या पठ्ठ्याने काय करावं? सुरुवातीच्या मेनूत ती सेटिंग हाताने टाइप केली, फक्त त्या वेळेपुरती; लॅपटॉप बंद झाला की ती जाणार.

"बंद करू नका, नुसतं झाकण मिटा," तो म्हणाला. "बंद झालाच तर... घेऊन या."

"रोज आणला तर?" तिने डोळे बारीक केले.

"रोज दुरुस्त करीन."

ती चार वेळा आली. चौथ्यांदा तर लॅपटॉप बाहेर काढायच्या आधी अर्धा तास गप्पाच मारत बसली. ती गेल्यावर काउंटरवर बसणारी त्याची ताई त्याच्यावर वैतागली, "अरे, आता तरी नीट करून दे की तिला!"

"देतो गं... पुढच्या वेळी."

पुढच्या वेळी ती आली ती रडवेली होऊन. "स्टुडिओत मुलाखत होती. ऐन वेळी बॅटरी संपली, पुन्हा सुरू केला आणि... दोन वर्षांची माझी फिल्म, कुणी पाहिलीच नाही. दुसऱ्याला घेतलं."

दोष मशीनच्या माथी मारून त्याला मोकळं होता आलं असतं, पण तिच्याकडे बघून ते जमेना.

"चूक माझी आहे. बिघाड पहिल्याच दिवशी कळला होता. मुद्दाम ठेवला... तुम्ही परत यावं म्हणून."

तिने डोळे पुसले.

"नुसतं 'या' म्हणाला असतात, तरी आले असते हो मी."

"आणि... आता?"

"आता दुरुस्त करा."

त्याने सेटिंग नव्या बूटलोडरच्या फाइलमध्ये लिहिली, जुना काढून टाकला. तिच्यासमोर लॅपटॉप तीनदा बंद करून सुरू केला. तिन्ही वेळा स्क्रीन लख्ख उजळली. तिने लॅपटॉप बॅगेत घातला आणि मागे न बघता गेली.

"पुन्हा कधी येणार रे ती?" ताईने विचारलं.

"नाही येणार, ताई. आता तो बिघडणारच नाही."